८७ सिल्व्हिया नागपुरात: ३ किलोमीटरला १ सेंटीमीटर

२ एप्रिल

१६ मे १८६६ रोजी मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉग्सन यांना एक नवा लघुग्रह सापडला. क्रमांक ८७, नाव सिल्व्हिया. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या दहा-बारा लघुग्रहांत ती मोडते, तिला दोन चंद्र आहेत, आणि शोध आपल्या देशातून लागलेला आहे. तरी शाळांमधून विचारलं तर लघुग्रह म्हणजे डायनोसॉर मारणारा दगड, याच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून येत्या १६ मेला तिचं मापात बसणारं मॉडेल लोकांसमोर ठेवायचं आमच्या आकाशनिरीक्षण गटानं ठरवलं.

मॉडेल नुसतं बघण्यापुरतं नको. त्यावर दिवा टाकायचा, ते फिरवायचं, उजेड कमी-जास्त होतो तो पोट्ट्यांनी स्वतः मोजायचा, आणि मोजायचा तोही पॉग्सन यांच्याच पट्टीनं. प्रत म्हणजे तारा किती उजळ दिसतो त्याचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट. ताऱ्यांच्या प्रतींचं आज जगभर चालतं ते गणित त्यांनीच १८५६ मध्ये मांडलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात बरोबर १०० पट, म्हणून एका प्रतीला २.५१२ पट. सिल्व्हिया शोधणाऱ्याच्याच मापानं सिल्व्हिया मोजता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. सगळी धडपड त्यासाठी आहे.

दुसऱ्या गावात कोणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी. पैसे कुठे गेले, वेळ कुठे गेला, सगळं लिहिणार आहे.

४ एप्रिल

मापं पक्की केली. सिल्व्हिया गोल नाही, लांबट बटाट्यासारखी आहे: सुमारे ३७४ × २४८ × १९४ किलोमीटर. ३ किलोमीटरला १ सेंटीमीटर धरलं की १२५ × ८३ × ६५ सेंटीमीटर. दारातून आत जाईल आणि दूरवरूनही दिसेल, असं हे माप.

चंद्रांचा हिशेब याच मापानं: रोम्युलस सुमारे १३५६ किलोमीटरवरून फिरतो, म्हणजे ४ मीटर ५२ सेंटीमीटर. रेमस सुमारे ७०६ किलोमीटरवर, म्हणजे २ मीटर ३५. रोम्युलसचा गोळा सात सेंटीमीटरचा, रेमस त्याच्या अंदाजे निम्मा. एवढं मावायला निदान दहा मीटर रुंद हॉल लागतो. नागपुरातल्या महाल भागातल्या एका संस्थेनं त्यांचा हॉल सुट्यांत वापरायला दिला.

याच मापानं सूर्य कुठे ठेवावा लागेल तेही काढून फळ्यावर लिहून ठेवलं. सिल्व्हिया सूर्यापासून सरासरी ५२ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे आमचा सूर्य सुमारे १७३० किलोमीटरवर, श्रीनगरच्याही पलीकडे, आणि त्याची रुंदी साडेचार किलोमीटरहून थोडी जास्त. ही एक ओळ वाचून मदतीला आलेले कॉलेजचे दोघं दुसऱ्या दिवशी आपापले मित्र घेऊन आले.

८ एप्रिल

आधी थर्माकोलचा विचार होता. एवढ्या मोठ्या ठोकळ्याचा भाव ऐकला आणि तो नाद सोडला. मग मूर्तिकारांच्या वस्तीत, चितार ओळीत गेलो. तिथले एक मूर्तिकार काका पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, करतात. बांबू, तणस आणि कागदावर त्यांचा हात बसलेला. त्यांना कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती आडवी-उभी करून पाहिली आणि विचारलं, "हे उभं करायचं का जी?"

प्रश्न अगदी नेमका होता. मूर्ती उभी असते, म्हणून लांब बाजू वर येणार असं त्यांनी धरलं होतं. सिल्व्हिया मात्र तिच्या सर्वांत आखूड अक्षाभोवती फिरते. स्वतःभोवती फिरणाऱ्या कुठल्याही मोठ्या दगडाची ऊर्जा हळूहळू खर्च होत गेली की तो शेवटी याच अवस्थेत येऊन बसतो. म्हणजे ६५ सेंटीमीटरची बाजू उभी, १२५ ची आडवी. काकांना हे लगेच पटलं. भोवरा बसका असला की जास्त वेळ टिकतो, हे त्यांनीच पोरांना सांगितलं.

बुरडाकडून कामट्या आणल्या. मधून दीड इंची लोखंडी पाइप, त्याला तीन आडव्या रिंगा, रिंगांवर उभ्या कामट्या, सांध्यांना सुतळी. पाइप बरोबर मध्यातून गेला पाहिजे, नाहीतर फिरताना सगळं एका बाजूला ओढतं. यासाठी सांगाडा दोरीनं टांगून तोल पाहिला आणि जड बाजूच्या कामट्या तासल्या. अर्धा दिवस यात गेला. त्याचा फायदा शेवटपर्यंत झाला.

१४ एप्रिल

कागद. रद्दीचे पट्टे, मैद्याची खळ, खळीत मोरचूद. मोरचूद टाकलं नाही तर झुरळं आणि वाळवी लागते. ते विषारी आहे, म्हणून खळीचं भांडं वेगळं ठेवलं आणि लहान पोरांना हातमोजे दिले.

नागपूरच्या उन्हात कागद झटपट वाळतो, म्हणून एका दुपारी चार थर चढवले. दोन दिवसांत वरचा पापुद्रा टणक झाला आणि ठिकठिकाणी तडकला. आत हात घातला तर सगळं ओलं आणि आंबूस वास. काका येऊन बघून गेले. "वरून कडक झालं म्हंजे वाळलं असं नसते नं जी. काहून घाई करून राह्यले?" ऊन वरच्या थराला इतक्या वेगानं सुकवतं की आतलं पाणी बाहेर निघायची वाट बंद होते.

दोन थर सोलून काढावे लागले. आठवडा गेला. नंतरची पद्धत: एका वेळी एकच थर, मॉडेल सावलीत, पंखा लांब, आणि खाली पाइपच्या बाजूला तळहाताएवढं भोक उघडं. भोकातून आतली वाफ निघते. ते भोक शेवटी बुजवायचं. दुपारचं ऊन पूर्ण टाळायचं. पावसाळी हवेच्या गावात ही अडचण कदाचित येणार नाही. विदर्भात, उन्हाळ्यात, हमखास येईल.

२३ एप्रिल

वरून लगदा चढवला: भिजवलेली रद्दी, खडूची भुकटी, डिंक. खळगे आणि उंचवटे मुद्दाम ठेवले.

पोट्ट्यांनी विचारलं, हे पोकळ का करायचं, खरी सिल्व्हिया तर भरीव आहे ना? चांगला प्रश्न. खरी सिल्व्हिया बऱ्यापैकी पोकळच आहे. तिची घनता पाण्याच्या सव्वापट-दीडपटीच्या मध्ये, सुमारे १.३ भरते. अखंड दगड असता तर दुपटीच्या वर गेली असती. आत फटी आणि मोकळ्या जागा आहेत. फुटून परत गोळा झालेला तो ढिगारा असावा असं मानतात. ही घनता चंद्रांमुळेच नीट कळली. चंद्र किती दूरवरून किती वेळात फेरी मारतात त्यावरून वस्तुमान निघतं, आणि आकार माहीत असला की घनता. आमच्या मॉडेलचं आकारमान साधारण ३५० लिटर आहे. सिल्व्हियाच्या घनतेनं भरलं असतं तर वजन साडेचारशे किलोच्या वर गेलं असतं. आमचं दोघं सहज उचलतात.

२६ एप्रिल

फिरवण्याचा भाग. मापात वेळही धरायची ठरवली: खरा १ तास म्हणजे आमचा १ मिनिट. सिल्व्हिया ५ तास ११ मिनिटांत स्वतःभोवती फिरते, म्हणजे मॉडेलनं ५ मिनिटं ११ सेकंदांत एक फेरी घ्यायची.

भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, ३५० रुपये. तिचा वेग फार. बर्डीच्या बाजारातून वेग कमी करणारं सर्किट आणलं, आणखी २२० रुपये. वेग कमी केला की मोटर अडखळते, झटका देते, आणि झटक्यानं मॉडेल हेलकावे खातं. पट्टा आणि मोठी चाकी लावून पाहिली, पट्टा घसरला. चार संध्याकाळी गेल्यावर मोटर काढून टाकली.

आता मॉडेल सायकलच्या जुन्या हबवर उभं आहे. हब लाकडी पाटात घट्ट बसवला, खाली पुठ्ठ्याची तबकडी, तबकडीवर १५ अंशांच्या २४ खुणा. एकानं घड्याळ बघायचं, एकानं दर १३ सेकंदांनी एक खूण पुढे सरकवायची. खर्च जवळजवळ शून्य, आणि मोजमापाला तर हेच बरं. मॉडेल थांबलेलं असताना आकडा स्थिर वाचता येतो.

२९ एप्रिल

पहिलं मोजमाप, रंग द्यायच्या आधी, पांढुरक्या कागदावर.

उजेड मोजायला मोबाइलमधलं लक्स मीटरचं ॲप घेतलं होतं. मॉडेलवरून परत येणारा उजेड त्याला पुरत नाही, आकडा शून्य आणि एक यांच्यातच अडकतो. बागेतल्या सोलर दिव्याचा छोटा सोलर सेल काढला आणि त्याची दोन टोकं थेट मल्टिमीटरला लावली, मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर. सेलवर पडणारा उजेड आणि ही धारा सरळ प्रमाणात असतात. व्होल्टेज वाचायचं नाही, ते तसं वागत नाही. सेल काळ्या कागदाच्या नळीत बसवला, म्हणजे त्याला मॉडेल तेवढं दिसेल. ५०० वॉटचा हॅलोजन आणि नळी शेजारी-शेजारी ठेवली, मॉडेलपासून सहा मीटरवर. आधी दोन मीटरवर ठेवलं होतं, पण तेवढ्या जवळून मॉडेलचं पुढे आलेलं टोक दिव्याच्या जास्तच जवळ जातं आणि आकडे बिघडतात.

अपेक्षा काय ते आधीच काढून ठेवलं होतं. लांब बाजू समोर असली की १२५ ची रुंदी दिसते, टोक समोर आलं की ८३ ची. उंची दोन्ही वेळा तीच. म्हणजे उजेडाचं गुणोत्तर सुमारे दीड. पॉग्सन यांच्या सूत्रात घातलं, २.५ गुणिले दीडचा लॉगॅरिदम, की ०.४४ प्रत. एका फेरीत दोनदा उजळ, दोनदा मंद.

आले ते आकडे: जास्तीत जास्त ५८, कमीत कमी ४२. म्हणजे ०.३५ प्रत. उतार-चढाव दोनदा आले, पण खोली कमी. खूप वेळ दिव्याचा कोन बदलत बसलो. शेवटी एका पोरीनं मॉडेल पाटासकट बाजूला ओढलं आणि मीटर वाचला: ९. मॉडेल नसतानाही ९! मागची चुन्याची भिंत. ते ९ दोन्ही आकड्यांतून वजा केले, ४९ आणि ३३, आणि आलं ०.४३. वेधशाळेतसुद्धा ताऱ्याचा उजेड मोजताना भोवतालच्या आकाशाचा उजेड आधी वजा करतात. त्या पोरीनं ते न शिकता केलं.

आता मागे काळी चादर आहे, आणि प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर रिकामं माप घेतो.

३ मे

रंग. सिल्व्हियावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ४ टक्के परत येतो. कोळशाएवढी काळी.

काळा ऑइल पेंट दिला. तो चमकतो, आणि दिव्याचं प्रतिबिंब एका उंचवट्यावर ठिपक्यासारखं दिसतं. तो ठिपका समोर आला की मीटर उडी मारतो. ९०० रुपयांचा डबा फुकट गेला. वरून फळ्याचा काळा रंग दिला, चमक कमी झाली, गेली नाही. मग रंग ओला असतानाच वरून कोळशाची पूड चाळली. आधी दगडी कोळसा कुटून पाहिला, त्याचे कण चकाकतात. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा कुटून वस्त्रगाळ केला, तो अगदी मखमली बसला. तोंडाला रुमाल बांधूनच हे काम करावं, आणि फरशीवर आधी प्लास्टिक अंथरावं. हॉलच्या फरशीवरची काळी बोटं पुसायला आम्हाला एक अख्खी सकाळ लागली.

नवे आकडे, भिंतीचा भाग वजा करून: ५.९ आणि ४.०. उजेड कितीतरी घटला, पण गुणोत्तर १.४७, म्हणजे ०.४२ प्रत. पांढऱ्या मॉडेलचं ०.४३ होतं. रंग कुठलाही असो, सगळीकडे सारखा असला तर चढ-उताराची खोली फक्त आकार ठरवतो. हे वाक्य मी पोट्ट्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी माना डोलावल्या असत्या. आता त्यांनी दोन तक्ते शेजारी लावून ते स्वतः म्हटलं.

७ मे

तापमान ४४ च्या पुढे. दुपारच्या एका फेरीत तिसराच खड्डा दिसू लागला, जिथे काहीच नसायला हवं तिथे. पुढच्या फेरीत तो दुसऱ्याच जागी. मॉडेलचा दोष असता तर तो एकाच खुणेवर आला असता, म्हणून मॉडेल सोडून बाकी सगळं तपासलं. कारण निघालं कूलर. त्याची मोटर सुरू होते तेव्हा हॉलमधलं व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि हॅलोजन मंदावतो.

कूलर बंद करून मोजायचं, एवढाच उपाय तेव्हा हाताशी होता. हॉल तापतो, हॅलोजनही तापवतो. आता मोजमाप सकाळी सात ते नऊ, बाकीच्या वेळी चादरी लावणं आणि तक्ते काढणं. ज्यांना परवडतं त्यांनी हॅलोजनऐवजी बॅटरीवर चालणारा एलईडी घ्यावा, ही भानगडच राहणार नाही.

१० मे

चंद्र. पहिल्यांदा मधल्या पाइपला लांब तारा बांधून त्यांच्या टोकाला चंद्र लावले होते. साडेचार मीटरची तार लोंबते, आणि मॉडेल फिरवलं की चंद्रही त्याच्याबरोबर फिरतात, जे चूक आहे. तारा काढल्या. फरशीवर पांढऱ्या रांगोळीनं दोन वर्तुळं काढली आणि चंद्र पीव्हीसी पाइपच्या स्टँडवर ठेवले, मॉडेलच्या मध्याएवढ्या उंचीवर, कारण ते तिच्या विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतात.

रोम्युलसची खरी फेरी ३.६५ दिवसांची, आमची ८७ मिनिटं आणि थोडी. रेमसची १.३८ दिवसांची, आमची ३३ मिनिटं. वर्तुळाचा घेर भागिले मिनिटं केलं की रोम्युलसला दर मिनिटाला ३२ सेंटीमीटर सरकवायचं आणि रेमसला ४५. रांगोळीवर तेवढ्या अंतरानं हळदीचे ठिपके दिले. रेमसवाला मुलगा सारखा धावपळ करतो आणि रोम्युलसवाली निवांत चालते. आतला चंद्र नुसती छोटी फेरी मारत नाही, तो वेगानंही जास्त असतो, हे पायांना कळतं.

नावं रोमन कथेतली. रिया सिल्व्हिया ही रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांची आई. आईचं नाव १९ व्या शतकात ठेवलं गेलं. मुलं सापडायला शतकाहून जास्त काळ गेला. रोम्युलस २००१ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीतून मायकेल ब्राऊन आणि जाँ-लुक मार्गो यांना दिसला. रेमस चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या २००४ च्या प्रतिमांत फ्रँक मार्शी आणि सहकाऱ्यांना सापडला, आणि २००५ मध्ये जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिला लघुग्रह.

१६ मे

सकाळी साडेसहाला दार उघडलं. गर्दी अपेक्षेहून जास्त.

दाराशीच शोधाचा खेळ ठेवला होता: दोन काळे पुठ्ठे, सुईनं टोचलेले तारे, मागे दिवा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर एक ठिपका थोडा सरकलेला. तो शोधायचा. पॉग्सन यांच्या काळात हे असंच चालायचं. दुर्बिणीला डोळा लावायचा, आकाशाचा तुकडा नकाशाशी ताडून पाहायचा, नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्यावर पाळत ठेवायची. फोटोवरून पहिला लघुग्रह शोधला माक्स वोल्फ यांनी, १८९१ मध्ये, आणि त्याच वर्षी पॉग्सन मद्रासला वारले. सिल्व्हिया उत्तम स्थितीतही साधारण १२ व्या प्रतीची असते. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या शेवटच्या ताऱ्यापेक्षा अडीचशे पट फिकट. आमच्या पुठ्ठ्यावर चाळीस तारे होते आणि मोठी माणसंसुद्धा दहा-दहा मिनिटं उभी होती.

मोजमापाच्या टेबलावर पोट्टे आळीपाळीनं बसले. त्यांचे आकडे ०.४० ते ०.४६ च्या मध्ये आले. एका आजोबांनी विचारलं, "इथं बसून तिचा आकार कसा कळला म्हणता?" शेजारच्या मुलीनं तक्ता पुढे केला. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले असेच चढ-उतार, शिवाय सिल्व्हिया एखाद्या ताऱ्यासमोरून गेली तेव्हा तो किती सेकंद झाकला गेला त्याच्या नोंदी, आणि मोठ्या दुर्बिणींच्या प्रतिमा, या तिन्हींतून आकार जुळवतात. तिनं पहिला भाग सांगितला, दुसरा मी सांगितला. मूर्तिकार काका संध्याकाळी घरच्यांना घेऊन आले आणि आतल्या कामट्या कशा बांधल्यात ते नातवाला भोकातून टॉर्च मारून दाखवत बसले. भोक बुजवायचं राहूनच गेलं होतं, ते बरं झालं.

१९ मे

खर्च: बांबू, सुतळी, पाइप १,४००. मैदा, डिंक, मोरचूद, खडू ७५०. काकांचं मानधन ३,०००. ते नको म्हणत होते, आम्ही दिलं. रंग १,६५०, त्यातले ९०० वाया. मोटर आणि सर्किट ५७०, सगळे वाया. हॅलोजन, सोलर सेल, वायर ९००. काळं कापड १,१००. मल्टिमीटर घरचा. एकूण ९,३७०. पुन्हा केलं तर आठ हजारांच्या आत बसावं.

मॉडेल आता जिल्ह्यातल्या शाळांत फिरवायचं आहे. कोळशाची पूड कपड्यांना लागते, म्हणून डिंकाच्या पाण्याचा हलका फवारा मारून पाहिला. एका कोपऱ्यावर किंचित चमक आली, म्हणून तो विचार थांबवला. जुन्या चादरीत गुंडाळून, पाइपला धरूनच उचलायचं.

पुढचं काम कॅमिलाचं. क्रमांक १०७, तीही पॉग्सन यांनी मद्रासहूनच १७ नोव्हेंबर १८६८ ला शोधली, तीही पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, आणि तिलाही आता दोन चंद्र माहीत आहेत. सांगाड्याला दिवाळीनंतर सुरुवात, म्हणजे कागद थंडीत सावकाश वाळेल. पाइप, हब, तबकडी आणि सेलची नळी हीच वापरू.